पीठ फुगेपर्यंतचं लॅटिन

पायनी फोर्क, टेनेसी
एप्रिलमधला शेवटचा गुरुवार

माझी एकुलती एक धाकटी बहीण मर्टल हिला थोरल्या ऑर्फाचा आशीर्वाद आणि नमस्कार, दोन्ही. आशीर्वाद वयानं मी मोठी म्हणून, नमस्कार शिक्षणानं तू मोठी म्हणून. तुझं पत्र मिळालं. तुझा गुडघा, तुझं पित्त आणि तुझा तो शेजारी (जो रोज सकाळी संत्री घेऊन येतो आणि ज्याच्याबद्दल मी एक अक्षरही विचारणार नाही) तिन्ही ठिकाणावर असतील असं धरून चालते. माझं म्हणशील तर डाव्या कानानं कमी ऐकू येतं. पण या घरात जे बोललं जातं त्यातलं निम्मं ऐकण्याजोगं नसतंच, तेव्हा तोटा काही नाही.

तू विचारलंयस, की रॉइसनं पोरीला शेवटी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवलं की नाही. आणि ज्या तऱ्हेनं विचारलंयस त्यावरून उत्तर काय यायला हवं हेही समजलं. तुझी सगळी हयात शाळेच्या कचेरीत गेली. चर्चच्या तळघरात आठवड्यातून एकदा भरते तिला तू शाळा म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. मीही म्हणत नव्हते. नाताळात टर्की कापता कापता मी सगळ्यांदेखत रॉइसला सांगितलं होतं, की बाबा रे, सरकार फुकट शिकवतंय, फुकट बस पाठवतंय, वर दुपारचं जेवण घालतंय, आणि तुझी बायको पोरीला घरी ठेवून रोमन लोकांची भाषा शिकवतेय. ते रोमन तर सगळे मेले, आता ही बोलणार कोणाशी? रॉइस हसला. सून हसली नाही. (कॅरिस माझ्या बोलण्याला कधीच हसत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी आता नाद सोडलाय.)

मग जानेवारीत डॉक्टरनं कॅरिसला सांगितलं, की बाळ होईपर्यंत डाव्या कुशीवर पडून राहायचं, काही उचलायचं नाही, गाडीत बसायचं नाही. आणि त्या तळघराचा नियम असा, की पोराला दारात सोडून आपण निघून जायचं नाही. घरातलं एक मोठं माणूस दिवसभर वर्गात मागे बसलंच पाहिजे, कारण मंगळवारी तिथं जे शिकवतात ते बाकीचे दिवस घरी घोकून घ्यायचं असतं. रॉइसला लाकडाच्या गिरणीतून मंगळवारची सुटी कोण देणार? तो म्हणाला, 'संपलं. ऑगस्टपासून बस.' कॅरिसनं भिंतीकडे तोंड केलं. टॅबिथा (आता नऊ वर्षांची झालीय, पुढचे दात आपल्या घराण्याचे, बाकी सगळं आईचं) माझ्याकडे बघत राहिली, कुत्रं ताटाकडे बघतं तशी. मी म्हटलं, 'बघतेस काय? जाते मी मंगळवारी.' रॉइस म्हणाला, 'आई, तू? तिथं लॅटिन असतं.' मी म्हटलं, 'असू दे की. मी माझं विणकाम नेईन.' तेव्हा त्यानं असं ठरवून टाकलं, की वसंतात वर्षभराचं सगळं पाठांतर म्हणून दाखवायची एक परीक्षा असते, ती पोरगी पास झाली तर पुढंही तळघर. नाही झाली तर बस आणि पुन्हा तो विषय नको. कॅरिसनं भिंतीकडे बघतच मान डोलावली. मी मनात म्हटलं, चला, एप्रिलपर्यंतचीच कटकट आहे.

पहिल्या मंगळवारी मी विणकाम नेलं ते पिशवीतून बाहेर निघालंच नाही. काय सांगू तुला! तळघरात उतरले तर बायकाच बायका. प्रत्येकीच्या कडेवर एक, पायाशी दोन, हातात शिजवलेल्या शेंगांचं भांडं, आणि तोंडानं सतराचा पाढा. या सगळ्यांची मुख्य रोझलिन प्रुइट. उंच बाई, सहा पोरांची आई, डोळ्याला डोळा भिडवून बोलणार, आणि घड्याळाची अशी पक्की की पाद्रीसुद्धा तिच्यासमोर प्रार्थना आटोपती घेतो. आधी प्रार्थना, मग झेंडावंदन, मग सूचना, आणि मग प्रत्येक पोरानं उभं राहून सगळ्यांसमोर काहीतरी सांगायचं. दर आठवड्याला, प्रत्येकानं, सुटका नाही. एका पोरीनं जिवंत कोंबडी आणली होती. ती (कोंबडी) प्रश्नोत्तरांच्या वेळी पियानोखाली गेली आणि दुपारपर्यंत तिथंच राहिली, कोणी वर्ग थांबवला नाही. आमच्या टॅबिथानं विषय घेतला होता: माझी मॅमॉ (आजी, म्हणजे मी) चूल, कोंबडा आणि आजोबा यांना कसं ताब्यात ठेवायची. सगळ्या बायकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. खोटं त्यात काही नव्हतं.

त्यानंतर पाठांतर. जगाच्या उत्पत्तीपासून आजपर्यंत काय काय झालं ते ओळीनं, गाण्यात, आणि प्रत्येक गोष्टीला हाताची खूण. मागे बसलेल्या मोठ्या माणसांनीही म्हणायचं, खुणाही करायच्या, असा तिथला रिवाज. रोम पडलं तेव्हा सगळ्यांनी हात वरून खाली आणले. माझा आला तो शेजारच्या बाईच्या कॉफीवर. ती बिचारी स्कर्ट पुसत म्हणाली, 'होतं असं. मी पहिल्या आठवड्यात एकाचा चष्मा फोडला होता.' मग नद्या, मग पाढे, मग लॅटिन: आ, आय, आय, आम, आ. ऐकायला दाढ उपटताना माणूस ओरडतं तसंच. आणि शेवटी प्रत्येक पोराच्या हातात एक पत्र्याची बासरी! तळघर बंद, छत बुटकं, आणि सगळे मिळून एकच गाणं, प्रत्येकानं आपापल्या जागेपासून सुरू केलेलं. डाव्या कानाबद्दल देवाचे आभार मी आयुष्यात पहिल्यांदा मानले.

पण मर्टल, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? घरी येताना ट्रकमध्ये माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. तिथली पोरं मोठ्या माणसाशी बोलताना बुटांकडे बघत नाहीत. मोठे पोरगे न सांगता टेबलं पुसतात. वर्गावर शिकवायला जोलीन नावाची एक तरुण आई आहे. तिला एका कार्ट्यानं विचारलं, की रोम पडायच्या आदल्या दिवशी लोकांनी जेवायला काय केलं होतं? ती म्हणाली, 'मला नाही ठाऊक, पण फारच छान प्रश्न आहे, सगळे मिळून शोधू.' आणि फळ्यावर लिहून ठेवलं! आपल्या हेंडरसन मास्तरांना मी एकदा काहीतरी विचारलं होतं, आठवतं? काय विचारलं ते मी विसरले, पट्टी कुठं बसली ते आठवतंय. शिकवणारं माणूस सगळ्यांसमोर 'मला नाही ठाऊक' म्हणतं आणि आकाश कोसळत नाही, हे मी या वयात पाहिलं. आणि पुढच्या मंगळवारी तिनं खरंच शोधून आणलं होतं. (कोबी. निदान ती तरी तसं म्हणाली. मला ते पटलं, कोबी सगळीकडे असतो.)

आता घरची पद्धत ऐक, कारण सगळा घोळ तिथंच झाला. कॅरिस पोरीला समोर खुर्चीत बसवून घोकून घ्यायची. मला ते जमणारं नव्हतं. या घरात पाव मी करते, धुणं मी करते, मला खुर्चीत बसायला सवड कोणी दिलीय? मी म्हटलं, 'ये इकडे, बाही वर कर.' मग आमचं असं बसलं: पीठ मळताना जगाचा इतिहास, उत्पत्तीपासून. पीठ फुगायला झाकून ठेवलं की चादरी आणि टॉवेल, त्यावेळी नद्या, डोंगर आणि राजधान्या. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. फुगलेल्या पिठावर बुक्की मारताना लॅटिन (तिथं ती फारच खुलायची). गोळे वळताना पाढे. पाव भट्टीत गेल्यावर भांडी घासायची, त्यावेळी विज्ञानातलं काय ते. कागद पिठाच्या डब्याला टेकवून मी वाचायची, पोरगी म्हणायची. कॅरिसला आतून सगळं ऐकू यायचं. चुकलं की ती भिंतीवर ठोकायची. त्या भिंतीनं आमची बोलणी इतकी सुधारली, की सासूसुनांनी एकमेकींशी भिंतीतूनच बोलावं असा नियमच करायला पाहिजे.

परीक्षेआधी सगळं दोनदा म्हणून दाखवावं लागतं. पहिल्यांदा घरच्याच माणसाला. ते मी स्वयंपाकघरात ऐकलं, पोरगी एका दमात पास. मग वर्गाच्या बाईला. जोलीनला कॅरिसची दया आली, ती आमच्याच घरी आली. मी तिला कॉफी दिली, पोरगी मळत राहिली, म्हणत राहिली, पास. जोलीन जाताना म्हणाली, 'अशी पोरगी मी पाहिली नाही.' मी म्हटलं, 'असा पावही पाहिला नसशील,' आणि एक बांधून दिला. तिच्या काही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. रोज चालतं त्या कामाकडे कोण निरखून बघतं?

शेवटचं म्हणणं रोझलिन प्रुइटसमोर, तळघरात, गेल्या मंगळवारी. नियम कडक: कागद नाही, सूचना नाही, एकही चूक नाही, आणि घरचं माणूस खोलीत नाही. त्या दिवशी दुपारी सगळ्यांचं मिळून जेवण होतं, पाव माझ्याकडे होते, म्हणून मी पीठ आणि यीस्ट घेऊन चर्चच्या स्वयंपाकघरात होते. तिथून परीक्षा होती त्या हॉलमध्ये ताटं सरकवायची एक खिडकी आहे. तिचं झाकण मी बोटभर उघडं ठेवलं. (डोकावणं म्हणू नकोस. वाफ बाहेर जायला नको का?)

टॅबिथा खुर्चीत बसली. केस ओले करून विंचरलेले, हात मांडीवर. रोझलिन म्हणाली, 'सुरू कर, बाळ. अगदी सुरुवातीपासून.' पोरीनं तोंड उघडलं आणि बंद केलं. परत उघडलं. काही नाही. उत्पत्तीसुद्धा नाही, जी पाळण्यातल्या पोरालाही येते. रोझलिननं वाट पाहिली. घाई केली नाही, आवाज चढवला नाही, नुसती वाट पाहिली. पोरीचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. मला डोळ्यासमोर पिवळी बस दिसायला लागली, दारं उघडलेली. जी बस नाताळात मीच बोलावत होते! आणि मग माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. मांडीवर स्कर्ट मुठीत धरून ती तो मळत होती. ढकलायची, दुमडायची, ढकलायची. पण कापड काही पीठ नव्हे.

मी विचार करत बसले नाही. परात, पीठ, यीस्ट, कोमट पाणी, सगळं उचललं, दार पायानं उघडलं आणि टेबलावर आदळलं. रोझलिन उठून उभी राहिली. 'ऑर्फाबाई, नियम माहीत आहे तुम्हाला. मदत चालत नाही.'

'मदत कुठंय? लॅटिनचा एक शब्द तरी माझ्या तोंडून निघालाय का? हे पीठ आहे.'

'पीठ कशाला?'

'पाव करायला. जेवायला माणसं येणारेत.'

रोझलिननं माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं (तिचे हात एव्हाना परातीत होते), मग नियमांचं पुस्तक उघडलं आणि खरंच वाचलं, पान उलटून उलटून. तुझ्या कचेरीतली कोणी असती तर म्हणाली असती, नियम म्हणजे नियम. ही बाई पुस्तक मिटून म्हणाली, 'कागदाबद्दल लिहिलंय, खुणांबद्दल लिहिलंय, घरच्या माणसांबद्दल लिहिलंय. पिठाबद्दल काही लिहिलेलं नाही.' आणि मग मला: 'तुमच्याबद्दल मात्र लिहिलंय. बाहेर.' वर त्या खिडकीचं झाकणही तिनं आतून लावून घेतलं. मला ती त्याच क्षणी आवडली.

बाहेर म्हणजे कुठं? तळघराला जमिनीलगत एक काचेची फट आहे, गाड्या लावतात तिथं. मी खडीवर गुडघे टेकून बसले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारी प्रार्थना करतेय. करतही होते अधूनमधून. आतलं दिसत होतं, आवाजही स्वच्छ येत होता. पोरगी मळत होती आणि जग उत्पन्न झालं, पिरॅमिड उभे राहिले, रोम पडलं (पीठ उचलून आपटलं!), प्लेग आला, छापखाना आला, आपण इंग्रजांशी भांडलो, आपापसात भांडलो, माणसं चंद्रावर गेली. एकही चूक नाही. पीठ गुळगुळीत झालं. तिनं त्यावर फडकं टाकलं. आणि थांबली.

रोझलिन म्हणाली, 'छान. आता युरोपातल्या नद्या.'

पोरगी गप्प. मी काच ठोकायला हात उचलला आणि खाली घेतला, ते नियमात बसलं नसतं. गुडघ्यात खडी रुतत होती आणि आत माझी नात पीठ फुगायची वाट बघत उभी होती. तेवढ्यात ती म्हणाली, 'मिसेस प्रुइट, आता आमच्याकडे चादरी असतात.'

'कसल्या चादरी?'

पोरीनं इकडेतिकडे पाहिलं, कपाट उघडलं आणि चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींचा एक लांबलचक निळा झगा काढला. एक टोक स्वतः धरलं, दुसरं पुढं केलं. आणि मर्टल, ती रोझलिन प्रुइट, जिला पाद्री घाबरतो, तिनं हातातला तपासायचा कागद बाजूला ठेवला आणि दुसरं टोक धरलं! झगा ताणला: ऱ्हाईन. अर्धा केला, दोघी पुढं आल्या: डॅन्यूब. परत मागं: व्होल्गा. पुढं आल्या, मागं गेल्या, जणू कोणाच्या तरी लग्नात नाचतायत. युरोप संपला, आफ्रिका लागली, निळे संपले तसे नाताळचे पांढरे निघाले. सगळी गाणारी मंडळी घडी होऊन कपाटात गेली तेव्हा आपल्याच देशाच्या राजधान्या चालू होत्या. आणि रोझलिन घडी बरोबर घालते. माझ्या सुनेपेक्षा बरोबर. हे कॅरिसला सांगू नकोस.

पुढचं काय लिहू? पीठ फुगलं, बुक्की बसली, लॅटिन धबाधबा आलं. पाढ्यांबरोबर गोळे वळले गेले, आकड्यांचे वर्ग आणि घन झाले तेव्हा भट्टीचे पत्रे भरले होते. पाव भट्टीत गेले आणि दोघी भांडी घासायला उभ्या राहिल्या, एक घासतेय आणि रक्त शरीरात कसं फिरतं ते सांगतेय, दुसरी पुसतेय आणि मान डोलावतेय. शेवटची बशी फडताळात गेली तेव्हा रोझलिननं हात कोरडे केले, पोरीचा साबणानं भरलेला हात हातात घेतला आणि मोठ्या माणसाशी करतात तसं हस्तांदोलन केलं. मग ती बाहेर आली, मला खडीवरून उठवलं (उठता येत नव्हतं, त्यात लपवण्यासारखं काय आहे) आणि म्हणाली, 'तुमची नात पास आहे, ऑर्फाबाई. आणि ते कपाट दोन वर्षांत कोणी आवरलं नव्हतं.'

संध्याकाळी रॉइस आला, उरलेले पाव लोण्याबरोबर उभ्या उभ्या संपवले, आणि बसचा विषय काढला नाही. मी काढला. म्हटलं, 'मग? ऑगस्टचं काय?' तो म्हणाला, 'आई, बस तुलाच हवी होती ना?' मी म्हटलं, 'मला पाव हवे होते, ते तू संपवलेस.' आतून भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला. नंतर लक्षात आलं, कॅरिस ठोकत नव्हती. हसत होती, पलंग भिंतीला लागत होता.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: नाही, पोरगी बसमध्ये बसणार नाही. तुझ्या कचेरीचं मी वाईट बोलत नाही. पण इथली पोरं जे शिकतात ते त्यांच्या आयाही शिकतात, त्याच बाकावर, त्याच चुका करत, आणि कोणाला त्याची लाज नाही. हे मी तुझ्या शाळेत पाहिलं नाही. अर्थात सहावीतून तंबाखूच्या शेतावर गेल्यामुळे तुझ्या शाळेत मी फारसं काहीच पाहिलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलेलं नाही, तेव्हाही नाही, आताही नाही. या वयात त्या घोकंपट्टीची मला गरजही नाही. जे केलं ते पोरीसाठी.

गुडघ्याला एरंडेल चोळ. त्या शेजाऱ्याला माझा नमस्कार सांग, किंवा नको सांगूस.

तुझी थोरली बहीण,
ऑर्फा

ता. क. जूनमध्ये फ्लोरिडाला यायचं आपलं ठरलं होतं, ते या वर्षी जमणार नाही. बाळ मे महिन्यात यायचंय हे एक कारण. दुसरं असं, की रोझलिननं ऑगस्टपासून सगळ्यात लहान पोरांचा वर्ग मला घ्यायला सांगितलाय. मी म्हटलं, बाई, मी सहावी. ती म्हणाली, 'इथं सगळ्याच शिकता शिकता शिकवतात. पण वर्ग घ्यायचा तर आधी तुम्हालाही सगळं म्हणून दाखवावं लागेल.' मी हो म्हटलं, कारण ती बाई घड्या नीट घालते.

आणखी एक ता. क. तर सोबत पाठांतराचे कागद पाठवलेत. नियमाप्रमाणे पहिल्यांदा घरच्या माणसानं ऐकायचं. रॉइस हसेल. कॅरिस रडेल. टॅबिथा चुका काढेल आणि जन्मभर सांगत सुटेल. राहिलीस तू. रविवारी चर्चहून आल्यावर फोन कर, कागद समोर धर, चष्मा लाव, आणि मी म्हणेन ते नुसतं ऐक. चूक झाली तर सांग. बारावी पास असल्याचं सांगू नकोस. इतिहास आणि नद्या मला येतात. लॅटिन अजून मध्येच अडतं, पण रविवारपर्यंत होईल.

शेवटचं. म्हणता म्हणता मी मध्येच गप्प झाले तर फोन ठेवून देऊ नकोस. पीठ फुगत असेल.